पासवर्डची खरी लांबी कशी मोजायची, आणि लांब पासवर्ड कसा बनवायचा

रविवारी सकाळी आमच्या कोथरूडच्या सोसायटीत मी ज्येष्ठ मंडळींच्या मोबाइलच्या आणि नेटबँकिंगच्या अडचणी सोडवते. गेल्या महिन्यात शेजारचे काका निळ्या पुठ्ठ्याची डायरी घेऊन आले. काका निवृत्त गणित शिक्षक. मी नको नको म्हणत असतानाच त्यांनी डायरी उघडून ई-मेलचा पासवर्ड माझ्यापुढे धरला: इंग्रजीत 'पुणे', त्यातलं पहिलं अक्षर कॅपिटल, मग @, मग ४११०३८.

"अगं, मोजून अकरा अक्षरं आहेत. कॅपिटल आहे, आकडे आहेत, ते ॲटचं चिन्हसुद्धा आहे. बनवताना हिरवी रेघ आली होती. अजून काय हवं?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. सगळे नियम त्यांनी पाळले होते, आणि तरीही तो पासवर्ड कुचकामी होता. ४११०३८ हा कोथरूडचा पिन कोड. शहरातले पिन कोड ४११० ने सुरू होतात, म्हणजे मोकळे राहिले फक्त शेवटचे दोन आकडे. 'शहराचं नाव, ॲट, पिन कोड' हा साचा एकदा ओळखला की अकरा अक्षरांमागे उरतात जास्तीत जास्त शंभर शक्यता.

पासवर्ड लांब हवा हे सगळेच सांगतात आणि ते खरंच आहे. पण मोजायची असते ती अंदाज न लागणाऱ्या भागाची लांबी. हा फरक काकांना पटला तो गणिताने. तोच हिशोब इथे मांडते, आणि मग पासवर्ड बनवण्याची आम्ही वापरलेली पद्धत.

आधी हल्ला कुठून होतो ते बघा

चोर दोन ठिकाणी अंदाज बांधतो. एक म्हणजे तुमच्या दारात: लॉगिनच्या पानावर एकामागून एक पासवर्ड टाकून बघणं. इथे त्याला फार वाव नसतो, कारण काही चुकांनंतर खातं बंद होतं किंवा थांबायला सांगितलं जातं. एटीएमचा पिन चारच आकड्यांचा, म्हणजे फक्त १०,००० शक्यतांचा असूनही चालतो तो याच कारणाने. तीन चुका झाल्या की कार्ड अडतं. यूपीआयच्या चार किंवा सहा आकडी पिनचंही तसंच आहे, शिवाय तो तुमच्या नोंदवलेल्या फोनशी बांधलेला असतो.

दुसरी जागा चोराच्या स्वतःच्या घरात असते. एखाद्या संकेतस्थळाची पासवर्डची फाइल चोरीला जाते. तिच्यात बहुतेक वेळा पासवर्ड जसेच्या तसे नसतात, त्यांचे 'हॅश' असतात. हॅश म्हणजे पासवर्ड गणिती चरकातून काढून उरलेला चोथा. चोथ्यावरून ऊस परत बनवता येत नाही, पण वेगवेगळे ऊस त्याच चरकात घालून चोथा जुळतो का, हे बघता येतं. तिथे त्याला अडवणारं कोणी नसतं. तीन चुकांची मर्यादा नाही, घाई नाही, आणि तुम्हाला पत्ताही नसतो. पासवर्डच्या लांबीचा खरा कस इथे लागतो.

लिंक्डइनची अशी फाइल २०१२ साली बाहेर आली. तेव्हा सुमारे ६५ लाख हॅश दिसले होते. २०१६ मध्ये कळलं की प्रत्यक्षात ११ कोटी ७० लाख खात्यांचा माल गेला होता. म्हणजे चार वर्षं कित्येकांचे पासवर्ड चोराच्या टेबलावर होते आणि मंडळी निश्चिंत होती.

अक्षर वाढलं की काय होतं

एमडी५ सारख्या जुन्या, झटपट पद्धतीने हॅश साठवलेले असतील तर गेम खेळायला घेतात तसलं एक चांगलं ग्राफिक्स कार्ड सेकंदाला दहा हजार कोटींहून जास्त अंदाज तपासतं. सोयीसाठी दहा हजार कोटीच धरू. पासवर्डमध्ये फक्त इंग्रजी लहान लिपीतली २६ अक्षरं आहेत, तीही चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखी, असं समजा.

आठ अक्षरांच्या शक्यता २०,८८२ कोटी. सगळ्या तपासून व्हायला दोन सेकंद. दहा अक्षरांना साधारण २४ मिनिटं. बारा अक्षरांना ११ दिवस. चौदाला २० वर्षं. सोळाला तेरा हजार वर्षांहून जास्त.

दर अक्षरामागे काम २६ पट होतं, म्हणून हा जिना असा उभा चढत जातो. आता आठच अक्षरं ठेवून त्यात कॅपिटल, आकडे, चिन्हं असं सगळं घाला. कीबोर्डवरच्या ९४ खुणा झाल्या. वेळ लागतो १७ तास. म्हणजे चिन्हांनी गजबजलेला आठ अक्षरी पासवर्ड बारा साध्या अक्षरांपुढेही टिकत नाही. लक्षात ठेवायला मात्र तो दसपट अवघड.

बीक्रिप्टसारख्या मुद्दाम संथ केलेल्या पद्धतीने हॅश साठवले असतील तर तेच कार्ड सेकंदाला काही हजारांवर येतं, आणि वरचे सगळे आकडे तुमच्या बाजूने प्रचंड वाढतात. पण कुठल्या संकेतस्थळाने कोणती पद्धत वापरली आहे हे तुम्हा-आम्हाला बाहेरून दिसत नाही. म्हणून मी हिशोब नेहमी वाईटातला वाईट धरून करते.

तुमच्या आजच्या पासवर्डची खरी लांबी काढा

यासाठी कागद-पेन्सिल पुरे. पासवर्ड कुठल्याही 'ताकद तपासा' म्हणणाऱ्या पानावर टाकू नका. त्याचे तुकडे पाडा आणि प्रत्येक तुकड्याला विचारा: हा तुकडा किती वेगळ्या प्रकारे असू शकला असता?

गाडीचा नंबर घ्या. पुण्यात तो फार जणांचा पासवर्ड असतो. एमएच १२, मग दोन अक्षरं, मग चार आकडे. एकूण दहा खुणा. एमएच १२ तर ठरलेलंच. दोन अक्षरांचे ६७६ प्रकार, चार आकड्यांचे १०,०००. काकांनी डायरीच्या मागच्या पानावर गुणाकार मांडला: ६७,६०,०००. मग मी त्यांना २६ चा पाचवा घात काढायला सांगितला. आला १,१८,८१,३७६. ते पेन्सिल खाली ठेवून म्हणाले, "म्हणजे माझ्या स्कूटरचा दहा अक्षरी नंबर पाच अक्षरांपेक्षाही तोकडा!"

जन्मतारीख आठ आकड्यांत लिहितात, पण शंभर वर्षांत दिवस असतात ३६,५२५. तीन-चार अक्षरांइतकाच ऐवज. मोबाइल नंबर दहा आकडी, पण सहा ते नऊ यांपैकी एकाने सुरू होणारा, म्हणून ४०० कोटी. त्या कार्डाला पापणी लवायच्या आतलं काम. आणि नंबर तुमचाच असेल तर तेवढेही कष्ट नकोत, तो सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांकडे आहे.

नाव, गाव, गड, देव आणि पुढे १२३ किंवा साल. 'सिंहगड१२३' असले पासवर्ड याच रांगेतले. ए च्या जागी @ आणि ओ च्या जागी शून्य घालण्याची युक्ती तर इतकी जुनी आहे की अंदाज बांधणारी सॉफ्टवेअरं ती अदलाबदल आपणहून करतात. रॉकयू या कंपनीकडून २००९ साली ३ कोटी २० लाख पासवर्ड साध्या मजकुरात बाहेर पडले, आणि त्यातले १ कोटी ४३ लाख वेगवेगळे पासवर्ड यादी म्हणून आजही वापरले जातात. त्या गठ्ठ्यात सर्वांत जास्त वेळा आलेला पासवर्ड होता १२३४५६.

आरतीची ओळ, अभंगाचा चरण, सिनेमातला संवाद हेही टाळा. अक्षरं पंचवीस भरतील, पण जे छापलेलं आहे ते यादीत घालता येतं.

कोणत्या खात्यापासून सुरुवात करायची

ई-मेलपासून. बँकेपासून नाही. बाकी जवळपास प्रत्येक खात्याचं 'पासवर्ड विसरलात?' हे पत्र ई-मेलवरच येतं, म्हणून ई-मेल हातचा गेला की चावीचा जुडगाच गेला. त्यानंतर ज्या खात्यात तुमचे पासवर्ड साठवता ते, मग बँक, म्युच्युअल फंड, डिजीलॉकर, फोटोंचं खातं. बाकीची ओळीने पुढच्या महिन्याभरात.

हाऊजीच्या पिशवीतून पासवर्ड

माणसाने मनाने निवडलेले शब्द कधीच पुरेसे मोकाट नसतात. मला 'चार शब्द सांगा' म्हटलं तर मी मांजर, पाऊस, चहा आणि गॅलरी सांगेन. म्हणून निवड नशिबावर सोडायची. परदेशात यासाठी १९९५ पासून 'डाइसवेअर' नावाची फाशांची पद्धत आहे, ७,७७६ शब्दांच्या यादीसह. आम्ही तिचं घरगुती रूप केलं: हाऊजीची पिशवी आणि जाडजूड मराठी शब्दकोश.

१ ते ९० आकड्यांची पिशवी नीट हलवा. एक सोंगटी काढा आणि तिचा फक्त शेवटचा आकडा लिहा: ४७ आला तर ७, ९० आला तर ०. नव्वद सोंगट्यांत प्रत्येक शेवटचा आकडा नऊ वेळा येतो, त्यामुळे सगळ्यांना सारखी संधी मिळते. सोंगटी परत टाका, पुन्हा हलवा, असं तीनदा करा. हा झाला पान क्रमांक. शब्दकोशात तेवढी पानं नसतील तर पुन्हा काढा. मग आणखी दोनदा काढून त्या पानावरच्या शब्दाचा क्रमांक ठरवा. तितके शब्द पानावर नसतील तर ते दोन आकडे पुन्हा. मिळाला पहिला शब्द. असे पाच काढा.

काकूंनी पिशवी धरली, काकांनी पानं उलटली. आलेले शब्द अर्थातच सांगत नाही, पण नमुना असा: पाटी, मुंगूस, उंबरठा, कंदील, ताक. (हा छापला गेला, आता वापरू नका.) मध्ये छोटी आडवी रेघ घालून रोमन लिपीत लिहिलं की अक्षरं तीसच्या आसपास जातात.

हिशोब बघा. ६०० पानं आणि पानाला ३० शब्द धरले तर कोशात १८,००० शब्द. चोराकडे तोच कोश आहे आणि तुमची पद्धतही त्याला ठाऊक आहे असं समजलं तरी चार शब्दांना त्या कार्डाला १२ दिवस लागतील, आणि पाच शब्दांना सुमारे ६०० वर्षं. एका शब्दाने एवढा फरक पडतो. म्हणून पाचाच्या खाली उतरू नका.

शब्द अनोळखी किंवा उच्चारायला अवघड आला तर सोडायला हरकत नाही, पण जितके सोडाल तितका तुमचा कोश बारीक होतो. तीन-चारपेक्षा जास्त सोडले तर सहावा शब्द घ्या. 'हा काही छान नाही' म्हणून मात्र बदलू नका. मनासारखं करायला गेलात की नशीब बाजूला पडतं आणि पुन्हा मांजर-पाऊस-चहा सुरू होतं.

शब्द लक्षात राहायला त्यांची गोष्ट करा. उंबरठ्यावर मुंगूस बसलंय, पाटीवर कंदील ठेवलाय, शेजारी ताक. जितकी चमत्कारिक तितकी डोक्यात बसते.

मराठी शब्दांची रोमन लिपीतली अडचण

याकडे कोणी लक्ष देत नाही आणि मग लोक स्वतःच्याच खात्याबाहेर अडकतात. 'झाड' लिहिताना झेड घालायचा की जे आणि एच? 'ताक'मध्ये ए एक की दोन? 'उंबरठा'त मधला ए येतो की गाळला जातो? पहिल्याच दिवशी ठरवा आणि कागदावर तसंच लिहा. मी एक नियम ठेवला आहे: दीर्घ आ असला तरी एकच ए, झ ला नेहमी झेड. तुम्ही तुमचा ठेवा, पण तो सगळ्या शब्दांना सारखा लावा.

सरळ देवनागरीतच पासवर्ड ठेवला तर? मोह होतो, पण टाळा. सायबर कॅफेत किंवा मुलाच्या लॅपटॉपवर मराठी कीबोर्ड नसेल तर हात बांधले जातात. एकच जोडाक्षर वेगवेगळ्या कीबोर्डांवर आतून वेगळं साठवलं जाऊ शकतं आणि डोळ्यांना सारखा दिसणारा पासवर्ड चुकीचा ठरतो. शिवाय बीक्रिप्ट पद्धत पासवर्डचे पहिले ७२ बाइटच (बाइट म्हणजे संगणकातलं साठवणुकीचं माप) बघते. रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीत प्रत्येक अक्षराला आणि प्रत्येक काना-मात्रेला तीन, म्हणजे चोवीस खुणांनंतरचं काही धरलंच जात नाही.

बदलताना आणि बदलल्यावर

खात्याच्या सेटिंगमध्ये सुरक्षेच्या भागात जाऊन पासवर्ड बदला. मेलमध्ये आलेल्या दुव्यावरून कधीही नको. नवा पासवर्ड टाइप करताना डोळ्याच्या खुणेवर दाबून एकदा नीट वाचा.

मग एक चाचणी करा, ही मी प्रत्येकाकडून करून घेते. बाहेर पडा आणि शेवटची दोन अक्षरं मुद्दाम गाळून आत जाण्याचा प्रयत्न करा. आत गेलात, तर ते संकेतस्थळ तुमचा पासवर्ड गुपचूप कापतं आहे. युनिक्स नावाच्या प्रणालीवर चालणाऱ्या जुन्या संगणकांवर पहिली आठच अक्षरं धरली जात, पुढचं काहीही लिहिलं तरी चालायचं. ती सवय काही ठिकाणी अजून सापडते. अशा जागी शब्दांचा पासवर्ड वाया जातो. तिथे चालतील तेवढ्या लांबीची, पूर्ण यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठ्या टाकून काढल्यासारखी अक्षरं घ्या.

नवा पासवर्ड पहिले चार दिवस सकाळ-संध्याकाळ एकदा हाताने टाइप करा. ब्राउझरला लगेच लक्षात ठेवायला लावलं तर बोटांना तो कधीच येत नाही.

बाकीच्या चाळीस खात्यांचं काय

प्रत्येकासाठी पाच शब्द पाठ करणं शक्य नाही, आणि तोच पासवर्ड सगळीकडे लावणं ही सर्वांत महाग चूक. मी ती केलेली आहे. एका छोट्या खरेदीच्या संकेतस्थळावर आणि माझ्या ई-मेलला एकच पासवर्ड होता. त्यांची फाइल गेली आणि आठवड्याभरात माझ्या ई-मेलमध्ये अनोळखी ठिकाणाहून कोणीतरी बरोबर पासवर्ड टाकून आलं. दुसऱ्या टप्प्याची पडताळणी (पासवर्डनंतर फोनवरचा कोडही मागणारी) सुरू होती म्हणून वाचले. तो पासवर्ड पन्नास अक्षरी असता तरी काहीच उपयोग झाला नसता, कारण त्याला अंदाज बांधावाच लागला नव्हता.

म्हणून पासवर्ड मॅनेजर घ्या, म्हणजे सगळे पासवर्ड एका कुलपात सांभाळणारी तिजोरी. बिटवॉर्डनचं मोफत खातं घरगुती वापराला पुरतं. ज्यांना सगळं आपल्याच संगणकावर हवं त्यांना कीपासएक्ससी. गुगलचं आणि ॲपलचं स्वतःचं आहेच. हाऊजीचे पाच-सहा शब्द हा त्या तिजोरीचा पासवर्ड, आणि आतले पासवर्ड त्यालाच बनवू द्या, लांबी २० वर ठेवून. ते तुम्हाला पाठ असायची गरजच नाही.

आणि दर तीन महिन्यांनी पासवर्ड बदलायचा नियम आता सोडून द्या. अमेरिकेतल्या निस्ट या मानकं ठरवणाऱ्या सरकारी संस्थेच्या २००३ च्या दस्तऐवजातून चिन्हं-आकड्यांचे नियम आणि वरचेवर बदलण्याची सवय जगभर पसरली. ते लिहिणारे बिल बर यांनी २०१७ मध्ये त्याबद्दल उघडपणे खंत व्यक्त केली. त्याच वर्षी निस्टने चिन्हांची सक्ती आणि ठरावीक मुदतीने बदलणं दोन्ही नको म्हटलं, आणि निदान ६४ अक्षरांपर्यंतचे पासवर्ड तरी स्वीकारा असं संकेतस्थळांना सांगितलं. २०२५ च्या आवृत्तीत जिथे फक्त पासवर्डवर प्रवेश मिळतो तिथे किमान १५ अक्षरं सांगितली आहेत. आपला पाच शब्दांचा हिशोब यादृच्छिक पंधरा लहान अक्षरांच्या जवळपासच येतो. बदला फक्त फुटल्याचा संशय आला तर. 'हॅव आय बीन पोन्ड' या संकेतस्थळावर ई-मेल पत्ता टाकून तो कुठल्या गळतीत होता का ते बघता येतं.

जिथे लांबी हात टेकते

फोनवर कोणी ओटीपी मागितला आणि आपण सांगितला, खोट्या पानावर स्वतःच पासवर्ड टाइप केला, 'वीज तोडणार' म्हणून स्क्रीन दाखवणारं ॲप उतरवलं, तर पाच शब्द काय आणि पन्नास काय. त्यासाठी ई-मेलला आणि बँकेला दुसऱ्या टप्प्याची पडताळणी सुरू करा, शक्य तिथे पासकी (पासवर्डऐवजी फोनच्या बोटाच्या ठशाने किंवा पिनने चालणारी चावी) घ्या. मॅनेजरचा इथे एक फायदा होतो: पत्ता खोटा असेल तर तो पासवर्ड भरत नाही. नेहमी आपोआप भरणारा पासवर्ड आज भरला गेला नाही तर तिथेच थांबा आणि पत्ता अक्षर-अक्षर वाचा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० वर फोन, आणि सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार.

डायरी राहू द्या

काकांना वाटलं होतं मी डायरी फाडायला लावणार. नाही. हिंजवडीत माझ्याबरोबर काम करणारी काही मंडळी कागदाच्या नावाने नाकं मुरडतात, पण परदेशातला चोर तुमचं कपाट उघडू शकत नाही. मॅनेजरचे पाच-सहा शब्द आणि ई-मेलचे राखीव कोड (फोन हाताशी नसला तरी आत जाण्यासाठीचे, गुगल असे आठ आकडी दहा कोड देतं) एका पाकिटात घालून दागिन्यांच्या कप्प्यात ठेवा. कागदावर कुठल्या खात्याचे ते लिहू नका. घरातल्या एका माणसाला पाकीट कुठे आहे ते माहीत असू द्या. नवरा दवाखान्यात असताना बायकोला विम्याचे कागद ई-मेलमधून काढता येत नाहीत, हे मी सोसायटीत दोनदा पाहिलं आहे.

काकांच्या पाकिटावर काकूंनी 'लोणच्याचं प्रमाण' असं लिहिलं. जुना पासवर्ड डायरीत खोडून टाकला, आणि ज्या ज्या खात्यांना तोच लावला होता त्यांची यादी त्याच पानावर केली: वीज बिल, गॅस, रेल्वेची तिकिटं, दोन म्युच्युअल फंड, नातवाच्या शाळेचं ॲप. सहा निघाली. त्या रविवारी तीन झाली, उरलेल्या तिनांसाठी ते पुढच्या रविवारी येणार आहेत.